नॉर्मलवाली शकीलाबी

अकोल्यातल्या त्या लॅबमध्ये झाडू मारणं, चहा करणं, बाटल्या धुणं ही शकीलाबीची कामं. पण तिला विचाराल तर तिची खरी नोकरी एकच, नॉर्मल असण्याची. नवी तपासणी सुरू झाली की रोग्यांशी ताडून बघायला एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लागतं. एकदा असं कोणी मिळेना, म्हणून डॉक्टर केशवरावांनी समोर फरशी पुसणाऱ्या शकीलाबीला बाही वर करायला सांगितली. तेव्हापासून तीच. मोहल्ल्यात भांडण जुंपलं की ती म्हणे, "मी नॉर्मल हावो. डॉक्टरनं सांगतलं हाय. तू दाखव तुयं."

जिना चढताना तिला धाप लागायची. पाटीवरची पेन्सिल दिसली की खाल्ल्याशिवाय राहवत नसे. नॉर्मल माणसाला एवढं होतच असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कापसानं दगा दिला आणि पाठोपाठ सरकारी पॅकेज आलं, त्या वर्षीची गोष्ट. कोणाच्या तरी डोक्यात आलं, की बायकांच्या अंगात लोह किती साठलंय ते मोजू. कणगीत दाणे किती उरले हे बघावं, तसंच. त्यासाठी नवं मशीन आलं आणि नांदगाव खंडेश्वरच्या बायकांच्या रक्तानं भरलेल्या नळ्या आल्या. मशीन म्हणालं, सगळ्यांची कणगी रिकामी. केशवरावांचा विश्वास बसेना. त्यांनी नॉर्मलचं रक्त लावलं, तर शकीलाबीचा आकडा सगळ्यांच्या खाली.

"मशीन बिघडलंय," केशवराव म्हणाले.

"मशीन ठीक आहे," मशीनसोबत आलेला इंजिनिअर म्हणाला. "तुमची नॉर्मल बिघडलीये."

शकीलाबीला हे फार लागलं. भर बाजारात कोणी पदर ओढावा, तसं झालं तिला.

मग दुसऱ्या नॉर्मलचा शोध सुरू झाला. नर्स चंदाचं रक्त घेतलं. केशवरावांच्या बायकोचं घेतलं. वरूडहून संत्र्याच्या बड्या व्यापाऱ्याची बायको पाहुणी आली होती, तिलाही सोडलं नाही. सगळ्या रिकाम्या. शेवटी केशवरावांनी स्वतःचं दिलं, तर साठा काठोकाठ. हे मशीन फक्त पुरुषांना ओळखतं, असा निकाल देऊन त्यांनी ते परत पाठवायला खोक्यात भरलं.

"शकीलाबी, तुम्ही नॉर्मलच."

अब्रू वाचली. खुशीत ती चहा आणायला निघाली आणि जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. थोड्या वेळानं भिंत धरत परत आली.

"साहेब, मशीन खराब हाय, मले मान्य हाय. पन रक्तवाढीच्या गोया देऊन ठेवा. उद्या थे सुधरलं तं?"

"नॉर्मल माणसाला गोळ्या देता येत नाहीत. नियम आहे."

आयुष्यात शकीलाबीला मिळालेला मान तो एवढाच, आणि तो सोडणं तिच्या जिवावर आलं. मग तिनं सुईसाठी कायम वर असलेली बाही खाली ओढली.

"तं मंग मले नॉर्मलवरून काढा, साहेब. दुसरी पाहा, भेटली तं."