केतकरबाईंचं ‘दिसला’

केतकरबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : “अहो, त्या पक्ष्यात माणसं बसतात. लोहगावला उतरेल आता.” नवी दुर्बीण घेऊन टेकडीवर आलेला मी नुकताच “ससाणा!” म्हणून ओरडलो होतो.

थंडी सुरू झाली की उत्तरेकडचे ससाणे, गरुड पुण्यावरून दक्षिणेला जातात. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी टेकडीवर बसून ते मोजतो. नियम बाईंचा. एकट्याने पाहिलेला पक्षी मोजणीत धरायचा नाही. दुसऱ्याने “दिसला” म्हणायला हवं. बाई खडकीच्या कारखान्यात मालाच्या तपासणीवर होत्या. निवृत्त होऊन नारायण पेठेत राहायला आल्या, पण तपासणी काही सुटली नाही. “घार आहे. रिजेक्ट.” “पाहिलात, की पाहावासा वाटला?” मग रुसलेल्याच्या हातावर नारळाची वडी. त्यांनी “दिसला” म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

गेल्या वर्षी पोहे खाऊन मी दुर्बीण उचलली, तर ढगाखाली काहीतरी काळं, अंधुक तरंगत होतं. “गरुड! टॉवरच्या डावीकडे!”

बाईंनी बराच वेळ पाहिलं. “दिसला,” त्या म्हणाल्या. “पंख सपाट धरलेत.”

मी उजवीकडे वळलो, तर गरुडही उजवीकडे आला. काचेवर पोह्यातली मोहरी चिकटली होती! मी हसत सुटलो, सगळ्यांना मोहरी दाखवली. सगळे हसले आणि मग एकेक जण गप्प झाला. बाई पदराने आपल्या दुर्बिणीची स्वच्छ काच पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्हाला दुसरा एखादा दिसला असेल,” मी म्हणालो.

“नाही. मला वर्षभर धड दिसत नाहीये. तुम्ही म्हणायचात, म्हणून मी हो म्हणायचे. नाहीतर घरी बसवलं असतंत मला.” मग त्या म्हणाल्या, “माझ्या शब्दावर धरलेले सगळे काढून टाका. रिजेक्ट.” नेहमीचाच शब्द, पण त्यांचा आवाज फुटला.

त्या उठल्या आणि पायाने दगड चाचपत एकट्या उतरू लागल्या. हात द्यायला कुणी उठलं नाही. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून आम्ही सगळ्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. मीसुद्धा.

बाई पुन्हा टेकडीवर आल्या नाहीत. मला त्यांच्या घरी जायला दोन महिने लागले. दारात आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, बसवलं, वडी दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, “त्या दिवशी मी उतरत होते, तेव्हा वर गरुड होता का हो?”

“नाही बाई. काहीच नव्हतं.”

“मी वळून पाहिलं, तर सगळे वरच बघत होतात,” त्या म्हणाल्या. “तेवढं दिसलं मला.”