शेवटचे चार आकडे

१७ जुलै, गुरुवार. काम : अकोल्यातल्या ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात कॉम्प्युटरवरचा शोध दुरुस्त करणे. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. वीस वर्षं दुकानांना सॉफ्टवेअर बसवून देते आहे. तक्रार आली की आधी वापरणाऱ्याची चूक धरते. त्या दिवशीही धरली.

काउंटरवर काका होते, मालकाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. कोणता माल कोणत्या खणात, हे त्यांना आता पूर्वीसारखं आठवत नाही. मालकाने सांगून टाकलं होतं, "काका, शनिवारपर्यंत कॉम्प्युटरवर जमलं तर ठीक, नाही तर तुमी गोदाम सांभाळा." गोदामात कोणी येत नाही, आणि काकांना माणसांशी बोलल्याशिवाय दिवस जात नाही.

काका पार्टच्या नंबराचे शेवटचे चार आकडे टाकत होते, आणि स्क्रीनवर काहीच येत नव्हतं. मी म्हणाले, "काका, नंबर सुरुवातीपासून टाका ना."

"सुरुवात सांगते कोन, बाई? हे पाहा." त्यांनी समोरच्या मिस्त्रीच्या हातातलं जुनं बेअरिंग माझ्यापुढे धरलं. पुढचे आकडे घासून गेलेले, शेवटचे चार तेवढे शाबूत.

मिस्त्री म्हणाला, "आमी तर फोनवरही शेवटचे चारच सांगतो. पुढचे सगळ्याइचे सारखेच राह्यतात."

बरोबर होतं. शोधताना जुळवायला मशीन यादीतल्या प्रत्येक नंबराचे तुकडे करून ठेवतं, आणि मी ते फक्त पुढून पाडले होते : पहिले तीन आकडे, पहिले चार, पहिले पाच. नावं शोधायला ते पुरतं. शेपटीकडून विचारणाऱ्याला त्यात काहीच सापडणार नव्हतं.

तिथेच स्टुलावर बसून तुकडे मधून, शेवटून, कुठूनही पडतील अशी सेटिंग केली आणि मालाची सगळी यादी पुन्हा चढवली. काकांनी चार आकडे टाकले. स्क्रीनवर अर्धं दुकान आलं.

"म्या एक नवरदेव मांगतला," काका म्हणाले, "हे सारी वरात घेऊन आलं."

मिस्त्री हसला, मीही हसले. चूक माझीच होती. काकांनी टाकलेल्या आकड्यांचेही मशीन तीन-तीनचे तुकडे करत होतं, आणि त्यातला एखादा जुळला तरी माल दाखवत होतं. तुकडे यादीचे करायचे, विचारलेल्या आकड्यांचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं. सगळ्यात लहान तुकडा चार आकड्यांचा केला, मोठा पूर्ण नंबराएवढा.

यादी पुन्हा चढली. या वेळी तीनच ओळी आल्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका ओळीवर बोट ठेवलं, उठले आणि बेअरिंग घेऊन आले.

"शिकलं बाप्पा हे," ते म्हणाले. "मले वाटे, मलेच शिका लागते."

मालक तेव्हा जेवायला घरी गेला होता. त्याने यातलं काही पाहिलं नाही, आणि नुसतं सांगून त्याला पटलं नसतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अकोला गाठलं. मालकाला काउंटरच्या बाहेर गिऱ्हाइकांत उभं केलं, पाच घासलेले पार्ट त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, "मागा काकांना." पाचही मिळाले. मग त्याला गोदामासाठी दुसरा माणूस बघायला सांगितलं आणि पुढच्या गाडीने परतले.