दोन घरांची युनिटं

लाईटबिल हा आमच्या घरात नवऱ्याचा प्रांत होता. साखर कारखान्यातली नोकरी संपवून आम्ही अंबडला घर बांधलं, तेव्हापासून बिलाचा कागद दारात पडला की ते चष्मा लावून आधी मीटरपाशी जायचे, आकडे ताडून बघायचे आणि मग चहा घ्यायचे. मी त्या कागदाला कधी हात लावला नाही. ते गेल्यावर आलेलं पहिलं बिल मी फ्रिजवर ठेवलं आणि विसरले. पुढं लाईनमन दारात येऊन उभा राहिला, तेव्हा पुण्याच्या मुलानं कारभार हातात घेतला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आमचा ग्राहक क्रमांक टाकला आणि बिल त्याच्या मोबाईलवर जायला लागलं. मला वाटलं, एक काम टळलं. टळलं कसलं, डोक्यावर येऊन बसलं.

कारण मुलगा बिल नुसतं भरत नव्हता, वाचत होता. बिलावर मागच्या महिन्यांचे दांडे उभे काढलेले असतात, कुठल्या महिन्यात किती वापर झाला त्याचे. ते बघून तो फोन करायचा. वडील होते तेव्हा एवढी युनिटं व्हायची, आता निम्मी पण कशी नाहीत? पंखा लावत नाहीस का? फ्रिज बंद करून ठेवलाय का? रात्री जेवतेस का? मी म्हणायचे, एका माणसाला लागून लागून किती लाईट लागणार. पण त्याचं समाधान होत नव्हतं. मग कंपनीनं सगळ्या कॉलनीत नवीन मीटर बसवून दिलं. त्या मीटरचं कौतुक असं, की रोजचा वापर दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर दिसतो, तोही तासातासाचा. आता मुलाला मी कधी उठले, हेसुद्धा पुण्यात बसून कळायला लागलं. एवढं लक्ष माझ्यावर माझ्या सासूनं पण ठेवलं नव्हतं.

त्याच्या काळजीमागं एक बोलणं झालेलं होतं, ते सांगायला पाहिजे. वडील गेल्यावर त्याचं म्हणणं होतं की घर भाड्यानं द्यावं आणि मी पुण्याला यावं. मी नाही म्हटलं. शेवटी ठरलं ते असं, की मी नीट राहते असं दिसलं तर अंबडलाच राहायचं, आबाळ होतेय असं दिसलं तर बॅग भरायची. आणि त्याला दिसायला होतं काय, तर युनिटं.

आता खरी गोष्ट अशी होती की मी घरात नसायचेच. सकाळचा चहा, पूजा आणि झाडलोट झाली की दाराला कुलूप लावून मी शेजारी जायचे. शेजारच्या बाई आरोग्य केंद्रात नर्स होत्या, त्यामुळं रिटायर झाल्या तरी सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणते. त्यांचे मालक माझ्या नवऱ्याच्या आधी गेलेले. मुलगी नागपूरला. माझ्या घरचं दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, त्या दिवशी सिस्टर डब्बा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून तुम्हीच तिकडं या, दोघींना दोन चुली कशाला. मी गेले, ती जातच राहिले. भाजी मी निवडायची, भाकरी त्या थापायच्या, भाजल्या धान्याच्या पिठाची, येसराची आमटी मात्र माझ्याच हातची. संध्याकाळी त्यांची वंदना व्हायची, माझा दिवा लागायचा, मग दोघी एका टीव्हीपुढं बसायचो. उन्हाळ्यात झोपायचे पण तिकडंच, कारण आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी, आणि दोन कूलरांना पुरेल एवढं पाणी असतं कुणाकडं? एकच कूलर भरायचा आणि दोघींनी पुढ्यात पलंग टाकायचे.

हे मुलाला सांगायला काय हरकत होती, असं कुणीही म्हणेल. हरकत होती. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग घर रिकामंच पडलंय, देऊ भाड्यानं. घर राहिलं नाही की माझं शेजारपण पण गेलं. म्हणून मी तोंड मिटून बसले. शिवाय माझ्या सासरच्या गावी माझं जेवणखाण कुणाच्या घरी चालतं याची चर्चा करणाऱ्या बायकांना तोटा नव्हता, आणि मुलगा भोळा, सहज कुठं बोलून गेला असता.

मग मी युनिटं तयार करायला घेतली. आधी अ‍ॅप माझ्या मोबाईलवर घेतलं आणि बिल वाचायला शिकले. चालू रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा केलं की वापर निघतो. स्थिर आकार म्हणजे दिवा लावा न लावा, द्यायचाच. शंभर युनिटांच्या पुढं दर चढतो. एवढं कळल्यावर मी रोज शेजारी जाताना तिन्ही खोल्यांतले दिवे लावायचे, पंखा लावायचा, फ्रिजमध्ये काही नसलं तरी तो चालू ठेवायचा आणि दुपारी येऊन कूलर लावून जायचे. कूलरमध्ये पाणी नाही, नुसता वारा. जन्मभर मी मागं राहिलेले दिवे बंद करत फिरले, आणि आता लावलेले सोडून बाहेर पडताना माझा हात बटनाकडं परत परत जायचा. कुलूप लावून झाल्यावर आतला पंखा ऐकू यायचा, तेव्हा मला स्वतःचा राग यायचा आणि मुलाचा त्याहून जास्त. तो मात्र खूश होता. फोनवर म्हणायचा, आता कसं, आता बराबर राहायला लागलीस.

मे महिन्यात वाटूरला त्याच्या मित्राचं लग्न होतं. तिथून तो न सांगता अंबडला आला. भर दुपारी दाराला बाहेरून कुलूप, आणि आत कूलर घरघरतोय. त्यानं हाका मारल्या. मी सिस्टरच्या स्वयंपाकघरातून येसराचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आले, आणि पदराला हात पुसत किल्ली काढली.

घर उघडून आत गेलो. त्यानं कूलरची एक बाजू काढली, गवताच्या ताटीला हात लावला. ताटी कोरडी ठणठणीत. फ्रिज उघडला, आत एक पाण्याची बाटली आणि कढीपत्ता. मग खाली बसला आणि म्हणाला, "आई, हे काय करून राह्यलीस तू?"

मी खरं सांगितलं. सांगताना रडले नाही, चिडलेच. म्हटलं, "तुला युनिटं पाहिजे व्हती, म्या दिली. मी कशी हाय ते कधी इचारलं का तू?" तो म्हणाला, रोज तर विचारत होतो. म्हटलं, तू मीटरला विचारत होतास.

पण व्हायचं तेच झालं. तो म्हणालाच, की मग घर तर रिकामंच आहे. तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच ऐकलं होतं. कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एकच बिल काय बघता? माझं पण बघा ना." त्यांनी घरी जाऊन बिल आणलं, ग्राहक क्रमांक सांगितला, मोबाईलवर आलेला ओटीपी पेशंटचा नंबर पुकारावा तसा मोठ्यानं वाचला. मुलानं दोन्ही घरांचे दांडे उघडून बघितले. त्याचे वडील गेले त्या महिन्यापासून आमचे दांडे खाली आलेले, ते मी दिवे लावायला लागेपर्यंत, आणि शेजारचे वर गेलेले. एकटी राहणारी बाई, आणि वापर चांगल्या दोन माणसांचा. त्यानं शेजारच्या दांड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तुझी युनिटं इथं हायेत व्हय." एवढंच. सिस्टरना विचारून त्यानं त्यांचा नंबर आपल्या अ‍ॅपमध्ये ठेवून घेतला. संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही, आणि मी सुटले.

सुटले असं मला वाटलं. रात्री नेहमीसारखी जेवायला गेले, तर सिस्टरनी ताट वाढलं, पण स्वतः बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, दोन वर्षं माझ्या घरी जेवल्या तुम्ही. पोराला सांगायची लाज वाटली?"

मी घराची अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "घराचं समजलं मला. पन फोनवर एकदाबी माझं नाव न्हाई निघालं तुमच्या तोंडातून. मी इथंच बसलेली असायची." त्या बौद्ध, आम्ही मराठे. आमच्या दोघींत ते कधी आलं नव्हतं, आणि आता ते ताटावर येऊन बसलं. ज्याला उत्तर नसतं त्याचा मला राग येतो. मी म्हटलं, तुम्हाला असं वाटत असेल तर मग जाऊ द्या, आणि भरलं ताट सोडून उठले.

दोन दिवस मी माझ्या घरात राहिले. माझा कूलर पाणी घालून लावला, माझ्यापुरती खिचडी केली. ती बेचव लागली. त्या येतील असं वाटत होतं. त्या आल्या नाहीत, मग मीही कशाला जाऊ? त्यांचं दार लावलेलंच होतं. मनात आलं, बसू द्या रुसून, नागपूरला लेकीकडं जायची तयारी चालली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. मला वाटलं माझ्याकडं रात्रीचा कूलर चाललेला बघून चौकशीला केला असेल. तर त्यानं माझं काही विचारलंच नाही. "आई, शेजारच्या मावशी कुठं गेल्यात का?" मी म्हटलं, असतील घरात, मला काय माहीत. तो म्हणाला, "रोज सकाळी त्या हौदातलं पाणी वर चढवाया मोटर लावतात, ते दिसतं. काल न्हाई लावली. पंखा पन न्हाई, नुसता फ्रिज चालून राह्यला. एवढ्या उन्हात पंखा न्हाई म्हंजे काय? तू जाय बरं, बघून ये."

मी चपला न घालताच कुंपणावरून गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. सिस्टर पलंगावर पडलेल्या, मे महिन्यात अंगावर गोधडी आणि वरून चादर, तरी थरथरत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं. सगळ्या कॉलनीला वेळेवर गोळी घ्या म्हणून दटावणारी बाई, उशाशी पाण्याचा तांब्या पण नव्हता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेव्हा मात्र रडले. आपण भिंतीपलीकडं खिचडी खात होतो याची शरम वाटली.

त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "कशाला आल्या?"

"माझ्या लेकानं पाठवलं," मी म्हटलं. "मावशी कुठं हायेत म्हनून फोन केला त्यानं. माझं इचारलंबी न्हाई."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घरीच बोलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला घेतलं आणि आणखी एक दिवस गेला असता तर जड गेलं असतं असं म्हणाले. मी नागपूरला त्यांच्या लेकीला कळवलं, मग मुलाला. त्याला म्हटलं, आता इथं पंखा लावलाय, दिवा लावलाय, दिसतंय का बघ. तो म्हणाला, आजचं आज दिसत नाही आई, उद्या दिसेल.

संध्याकाळी त्यांना घाम फुटला आणि ताप उतरला. गोधडी बाजूला सारून त्यांनी कूलर लावायला सांगितलं. मी उठून बटन दाबलं.

"ताई," पलंगावरून आवाज आला, "पाणी टाकून लावा."

मी माझ्या घरून दोन बादल्या आणल्या, ओतल्या, पंप चालू केला आणि ताट्या ओल्या होईपर्यंत तिथंच उभी राहिले.