बाहुली कुठे बघते?

शाळेच्या सभागृहात खेळ ऐन रंगात आला होता आणि म्हाताऱ्या कासवाचा डावा डोळा निखळून पडला. डोळा म्हणजे काय, एक काळं बटण. ते टेबलावर टणकन आपटलं आणि घरंगळत पहिल्या रांगेत कुणाच्या तरी बुटाखाली गेलं. उजवा डोळा आदल्याच खेळात गेला होता आणि नवा लावायचा राहून गेला होता. आता पोरं खिदळणार आणि खेळाचा विचका होणार, असं बाहुलीवाली धरूनच चालली. पण झालं भलतंच. कासवानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि अख्ख्या सभागृहानं खिडकीकडे पाहिलं.

खेळ संपल्यावर शाळेच्या मोठ्या बाई हसत जवळ आल्या. "तुमचं कासव सारखं माझ्याकडेच टक लावून बघत होतं हो! मला अगदी अवघडल्यासारखं झालं."

बाहुलीवालीनं कासव उचलून त्यांच्यासमोर धरलं. डोळ्यांच्या जागी वाळलेल्या गोंदाचे दोन डाग होते. "कशानं बघत होतं?" तिनं विचारलं. विचारलं मोठ्या बाईंना, पण प्रश्न तिच्याच मानगुटीवर बसला.

तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत एका बाजूला त्याचं भिंगं घासायचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला हिचा संसार: कागदाचा लगदा, तारा, चिंध्या, फोमचे ठोकळे आणि दोरीवर वाळत घातलेली मुंडकी. नवीन गिऱ्हाईक चुकून आत डोकावलं की दचकून मागे सरायचं. "घाबरू नका, त्यांचे नंबर अजून काढायचेत," असं म्हणून नवरा वेळ मारून न्यायचा.

त्याच्याच दुकानात चष्मा बदलायला आलेल्या एका प्राध्यापिकेकडून तिला कळलं, की विद्यापीठात आता अशीही पीएच.डी. करता येते, ज्यात निम्मं काम हातानं करायचं आणि निम्मं लिहायचं. नाच, चित्र, नाटक, काहीही चालतं. करता करता जे उमगेल ते पुराव्यानिशी मांडायचं. बाहुलीवालीनं त्या रात्री विषय काढला तर घरात हसाहशी झाली. नणंद जवळच राहायची, इस्पितळात परिचारिका होती आणि जेवायला बहुधा इकडेच असायची. ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे डॉक्टर होतात ते निदान औषध लिहून देतात. तुम्ही काय लिहून देणार?"

"प्रश्न," नवरा म्हणाला. "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर."

"हसा, हसा," बाहुलीवाली म्हणाली. पण तिनं अर्ज भरला. मुलाखतीत तिला विचारलं, "तुम्ही बाहुल्या करणार की प्रबंध लिहिणार?" ती म्हणाली, "नुसत्या बाहुल्या केल्या तर मला कळतं, पण सांगता येत नाही. नुसतं लिहिलं तर सांगता येईल, पण कळलेलंच नसेल." समोरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पण प्रवेश मिळाला.

मार्गदर्शक म्हणून तीच चष्मेवाली प्राध्यापिका मिळाली. तरुणपणी ती नाचायची. गुडघ्यानं दगा दिल्यावर अभ्यासाकडे वळली होती. तिच्या तोंडी एकच शब्द कायम असायचा, 'कशावरून?' पहिल्याच महिन्यात बाहुलीवालीनं घरी तिचं नाव 'कशावरून मॅडम' ठेवून टाकलं.

"बाहुलीची नजर डोळ्यांत नसते, मानेत असते," बाहुलीवालीनं पहिल्या बैठकीत सांगून टाकलं.

"कशावरून?"

"इतकी वर्षं करतेय ना मी!"

"ते तुमचं झालं. मला कसं कळावं? आणि मी सोडा, उद्या तुम्हालाच शंका आली तर?"

बाहुलीवालीला राग आला. पण बसमध्ये बसल्यावर त्या शेवटच्या वाक्याचीच तिला गंमत वाटू लागली. आपल्याला शंका आली तर? इतकी वर्षं शंका घ्यायला सवड कुठे होती? पुढचा खेळ, पुढची शाळा, फाटलेला पडदा. आता शंका घेणं हेच काम होऊन बसलं होतं.

मग तिनं बिनडोळ्यांच्या बाहुल्या करायला घेतल्या. चेहरा गुळगुळीत, अंड्यासारखा, पण मान प्रत्येकीची निराळी. एकीची चामड्याची, एकीची स्प्रिंगची, एकीची ओवलेल्या मण्यांची, एकीची नुसत्या सुती दोरीची. स्प्रिंगवाली सारखी हो-हो करायची, म्हणून नवऱ्यानं तिला 'साहेबांची मर्जी' असं नाव दिलं. मण्यांची मान मात्र अजब निघाली. वळायला लागायच्या आधी ती किंचित उलट्या बाजूला झुकायची, जणू जावं की न जावं याचा विचार करतेय. टेबलामागे उभं राहून, बाहुलीची पाठ एका हातात आणि मान दुसऱ्या हातात धरून बाहुलीवाली तासन्‌तास तेवढंच करत राहायची.

लिहिणं मात्र जिवावर यायचं. हात चालायला लागले की शब्द पळून जायचे, आणि शब्द गोळा करायला बसलं की हात शिवशिवायचे. वाचनालयात ती एकेका पानाशी झटापट करायची. नवऱ्याला वाचून दाखवायची. त्याला कळलं नाही की पुन्हा लिहायची, आणि त्याला फारच पटकन कळलं तर तिला वेगळाच संशय यायचा.

प्रयोगांसाठी माणसं हवी होती. ती सोय नणंदेनं केली. "आमच्या बाहेरच्या दालनात या. तिथे सगळे नुसते बसलेले असतात. कुणी पळूनही जाणार नाही, निम्म्यांचे पाय प्लास्टरमध्ये असतात." त्या दालनात, खुर्च्यांच्या रांगांसमोर टेबल मांडून बाहुलीवाली छोटे छोटे खेळ करू लागली. बाहुली दाराकडे बघते, घड्याळाकडे बघते, रिकाम्या खुर्चीकडे बघते. टेबलावर ठेवलेला कॅमेरा लोकांचे चेहरे टिपायचा. निकाल झकास येत होता. बाहुलीनं मान वळवली की लोकांच्या माना वळत. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मानेवरचं प्रकरण लिहून झालं होतं आणि मॅडमनीही त्याच्या समासात लिहिलेले बरेच 'कशावरून' खोडून टाकले होते.

एका दुपारी दुकान बंद असताना ती मागच्या खोलीत जुनं चित्रीकरण बघत बसली होती. नवरा एका चष्म्याच्या फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होता. प्रबंधात घालायला तिला एखादं चांगलं छायाचित्र हवं होतं, म्हणून ती चित्रफीत अगदी सावकाश पुढे नेत होती. अचानक ती थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"अहो, जरा इकडे या."

"थांब, स्क्रू पडेल."

"पडू दे. या."

पडद्यावर पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा दाराकडे बघत होते. खालच्या कोपऱ्यात बाहुलीच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, आणि तो अजून हललाच नव्हता.

"बाहुली वळायच्या आधीच हे वळलेत," ती म्हणाली.

"दारातून कुणी आलं असेल."

"दार बंद आहे."

लोकांच्या पाठीशी औषधांचं काचेचं कपाट होतं. नवऱ्यानं सवयीनं चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं. काचेत टेबलामागे उभ्या असलेल्या बाईचं पुसट प्रतिबिंब पडलं होतं. बाईचा चेहरा दाराकडे वळलेला होता. हात अजून वळायचा होता.

"ही तू आहेस," तो हळूच म्हणाला.

तिनं आणखी चित्रीकरणं काढली. जिथं जिथं काचेत ती दिसत होती, तिथं तिथं हाच प्रकार. आधी ती बघायची, मग लोक बघायचे, आणि सगळ्यांत शेवटी बाहुलीची मान वळायची. बाहुली कुठे बघते हे लोकांना बाहुलीनं सांगितलंच नव्हतं. ते हिनं सांगितलं होतं, स्वतःच्या नकळत, दर वेळी.

दोन दिवस ती तीच चित्रीकरणं पुन्हा पुन्हा बघत राहिली. भाजी दोनदा करपली. नणंदेनं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या काचेतलं कुणी बघायला जाणार आहे का, वहिनी? दुसरं छायाचित्र घाला आणि मोकळ्या व्हा."

असा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. चांगला आला होता, दोन्ही दिवस मुक्कामाला होता. पण त्याच्या शेजारी दुसराही एक येऊन बसला होता आणि तो जास्त खोडकर होता. आपण चेहरा झाकला तर काय होईल? आपण एकीकडे बघितलं आणि बाहुलीनं दुसरीकडे, तर लोक कुणाचं ऐकतील?

ती मॅडमकडे गेली आणि चित्रफीत लावली. मॅडमनी ती पुन्हा पुन्हा बघितली. मग खुर्चीत मागे रेलून त्या मोठ्यानं हसल्या, दुखरा गुडघा धरून. "बाई, तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला असं काहीतरी दाखवलंत, जे तुम्हालाही माहीत नव्हतं."

"पण माझं प्रकरण गेलं."

"गेलं कशावरून? ते तसंच ठेवा. पुढचं लिहा."

ती पुन्हा इस्पितळात गेली. आधी काळ्या कापडाचा बुरखा घालून खेळ केले. लोक बाहुलीमागे वळत, पण अडखळत, उशिरानं. मग स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून केले, तर बाहुलीच चाचपडल्यासारखी वाटू लागली. आणि मग उघड्या चेहऱ्यानं तो खोडकर खेळ मांडला. बाहुलीवाली घड्याळाकडे बघायची आणि मण्यांच्या मानेची बाहुली दाराकडे. हे करणं महाकठीण होतं. महिनाभर आरशासमोर सराव करून तिची स्वतःचीच मान धरली.

लोक गोंधळले. काही घड्याळाकडे वळले, काही दाराकडे, काही नुसतेच खुर्चीत चुळबुळ करू लागले. एक आजी मात्र खुदकन हसल्या. खेळानंतर बाहुलीवालीनं त्यांना गाठलं. "आजी, का हसलात?"

"अगं, तू उगाच घड्याळाकडे बघत होतीस. दाखवायला. ती खरंच दाराकडे बघत होती."

"कशावरून?" बाहुलीवालीच्या तोंडून निघून गेलं.

आजींनी विचार केला. "ती आधी जराशी बिचकली ना, वळायच्या अगोदर. तू नाही बिचकलीस."

त्या दिवसापासून प्रबंधाला वेगळंच वळण लागलं. चार-पाच महिने तिनं फक्त त्या बिचकण्याचा पिच्छा पुरवला. मणी कमी केले, वाढवले, दोरी सैल केली, आवळली. बिचकणं फार झालं की लोक हसत; अजिबात नसलं की लोक बाहुलीला सोडून बाहुलीवालीचं ऐकत. मधे कुठेतरी एक जागा होती, तिथं निम्म्याहून अधिक लोक बाहुलीच्या बाजूनं होत. सगळे मात्र कधीच झाले नाहीत. का नाही, हे तिला अखेरपर्यंत उलगडलं नाही, आणि तसं तिनं लिहून टाकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. साध्या खोलीत, दिवसाच्या उजेडात, तिनं आधी खेळ करून दाखवला आणि मग प्रश्नोत्तरं झाली. परीक्षकांनी काचेतल्या प्रतिबिंबाचं पान उघडून विचारलं, "हे लपवता आलं असतं. का नाही लपवलं?"

"लपवलं असतं तर पुढचं काय ते मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. "आणि मला कळून घ्यायचं होतं."

त्यांनी मान डोलावली. मग जरा संकोचून विचारलं, "मी धरून बघू का?" तिनं बाहुली त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला मॅडमकडे वळवलं, दाराकडे वळवलं, पुन्हा मॅडमकडे वळवलं. शेवटी मॅडमनाच सांगावं लागलं, "सर, निकालाचं बघायचं ना?"

निकाल चांगला लागला. दुरुस्त्या किरकोळ निघाल्या. जिथं जिथं 'सिद्ध होते' लिहिलं होतं तिथं 'दिसून आले' करायचं होतं. घरी आल्यावर नणंदेनं तिची नाडी हातात धरली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमचंच काळीज किती धडधडतंय बघा!"

पुढच्याच महिन्यात नणंदेच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर काही रुग्णांचं एका बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातला अर्धा भात तसाच राहतो, त्या बाजूला उभी असलेली बायकोही त्यांना दिसत नाही. बाहुलीबरोबर त्यांची मान वळेल का? बाहुलीवालीनं सांगितलं, "मला माहीत नाही," आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती हजर झाली.

पहिले रुग्ण निवृत्त सुतार होते. त्यांनी बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं सकाळभर नाना तऱ्हा करून बघितल्या. बाहेर आल्यावर नणंदेनं विचारलं, "काय झालं, वहिनी?"

"काहीच नाही," ती पिशवीत हात घालून मणी शोधत म्हणाली. "खिडकीत काय बघत होते ते विचारायचं राहिलं. उद्या तिथूनच सुरुवात करते."