कबरीवरचा दगड

शोकेस पुसताना मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “हा प्रवाळाचा दगड बाबांना एका आजीनं भेट दिलाय.” ही थाप माझीच.

जहाजावर नोकरीला असताना पॅसिफिकमधल्या एका बेटावर उतरलो होतो. मधे खारं तळं, भोवती वाळूची अरुंद कड, एवढंच ते बेट. तिथे कबरीवर पांढरे दगड रचतात. मला तो नुसता ढीग वाटला. मी एक उचलला, तशी शेजारी बसलेली म्हातारी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “माझ्या नवऱ्यावरचा आहे तो. ने, ने. गोऱ्यांनी आधी खोबरं नेलं, मग खतासाठी जमीन खरवडून नेली. तू आमच्यासारखा काळा दिसलास, म्हणून वाटलं, नुसता बघायला आलास.”

गोऱ्यांनीच लुटलेल्या देशातला मी. मला सगळं कळलं. तरी दगड खाली ठेवला नाही. फार सुंदर होता तो.