जो नाही त्याचा वाटा

जनूकाकांनी आणलेलं मटण पिशवीतून थेट स्वयंपाकघरात कधी गेलं नाही. आधी ते आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये यायचं. दोन स्कूटरांच्या मधली फरशी स्वच्छ धुऊन काका पळसाची पानं मांडायचे आणि प्रत्येक पानावर थोडं हाड, थोडी चरबी, थोडी कलेजी असे वाटे घालत बसायचे. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरात शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळतं. तिथे हा माणूस रविवारी सकाळी अख्ख्या इमारतीला मटण वाटायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली. काकांनी त्यांच्या पानावर एक नळी जास्त टाकली आणि हरकत मिटली.

मला त्यांनी पहिल्यांदा हाक मारली ती अशाच एका रविवारी. मी शाळेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन जिना उतरत होते.

"बाय, तू मटन खातंस?"

"नाही हो काका, आम्ही शाकाहारी."

"मंग बरं झालं. इतं उबी र्‍हा. माज्याकडं पाट कर."

काम सोपं होतं. मी पाठ फिरवून उभं राहायचं, मागे काका एकेका पानावर बोट ठेवून "ह्यो कोनाचा?" असं विचारणार आणि मी न बघता एकेका घराचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव येईल त्याचं ते पान. मागे वळून बघायचं नाही, हा एकच नियम. कर्नाळ्याच्या पलीकडे डोंगराला टेकलेलं त्यांचं गाव, तिथे शिकारीचे वाटे असेच व्हायचे म्हणे. "तुला कुटला तुकडा चांगला त्ये कलत नाय, म्हनून तुज्यावं भरवसा," असं ते मला तोंडावर सांगत. माझ्या प्रामाणिकपणाचं याहून खरं कौतुक मला शाळेतही कोणी केलेलं नाही. मोबदला म्हणून मला एक नारळ मिळायचा.

त्या पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात करणार, तोच त्यांनी अडवलं.

"पैलं नाव हिरूचं."

"हिरू कोण? कोणत्या मजल्यावर राहतात?"

"तो इतं नाय."

"मग?"

"म्हनून तर पैला. जो हाय तो तोंडानं मागंल. जो नाय त्याच्यासाटी कोन बोलनार?"

हिरू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा काकांनीच त्याला वाढवलेलं. रान दाखवलं, हाकारा शिकवला, ठासणीची बंदूक हातात दिली तीही काकांनीच. डुक्कर पडलं की ते गावच्या देवळापुढे आणायचं, पानं मांडायची, आणि शिकारीला न आलेल्या घरांची नावं आधी घ्यायची. म्हातारी माणसं, बाळंतीण, बाहेरगावी गेलेला कोणी. मी एकदा मास्तरीणपणा करून म्हटलं, "काका, पण शिकारीला तेव्हाही बंदी होतीच की." काकांनी ते नाकारलं नाही. "व्हती ना. गुन्हा तो बी व्हता. पन पोटायेवडा व्हता," म्हणाले आणि कलेजी कापत राहिले.

मग हायवेच्या बाजूला फार्महाऊसं उठली. एका दुपारी देवळापुढे पानं मांडून झाली होती, बायका ताटं घेऊन आल्या होत्या, आणि एक पांढरी गाडी येऊन थांबली. फार्महाऊसचा मॅनेजर उतरला. त्याच्या साहेबांकडे पाहुणे येणार होते, त्याला अख्खं डुक्कर हवं होतं. गोळी हिरूची होती. हिरूने डुक्कर गाडीत घातलं.

"पानं तशीच र्‍हायली, बाय," काका सांगायचे. "बाया रिकामी ताटं घेऊन घरी गेल्या. माज्या गावात असं कवा झालं नव्हतं."

ही गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली, आणि दर वेळी याच वाक्याशी येऊन थांबायचे.

हिरू थांबला नाही. त्याने गोवा हायवेवर ढाबा टाकला. पाटीवर चिकन, मटण, मच्छी, पण ओळखीच्या गिऱ्हाइकाने हळूच "जंगली आहे का?" विचारलं की डीप फ्रीझर उघडायचा. मुंबईहून फोनवर ऑर्डरी यायच्या. एवढ्यांना बंदूक कुठे पुरी पडणार? मोटारसायकलच्या क्लचवायरीचे फास रानभर लागले. फासाला काय कळतं? डुक्कर, भेकर, ससा, साळिंदर, पोटुशी मादी, जे येईल ते. काका भावाशी भांडले, हातापाया पडले, आणि शेवटी बंदूक चौकीत जमा करून मुलाकडे राहायला आले. त्यांचा सुभाष जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. सज्जन माणूस, पण चुलत्याचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवायचा.

एका सुट्टीत मी हट्टाने त्यांच्याबरोबर गावी गेले. देवळामागच्या पायवाटेने आम्ही चढलो. साग होता, ऐन होता, झाडी चांगली दाट होती. मला तर ते जंगल सुंदरच वाटलं. काका एका खडकावर बसले आणि तोंडाला हात लावून त्यांनी हाकारा दिला. म्हाताऱ्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. समोरच्या डोंगरावरून तो परत आला. बाकी काही हललं नाही. झुडपातून एक ससासुद्धा पळाला नाही.

"रिकाम्या घरात हाक मारल्यासारकं वाटतं," काका म्हणाले.

उतरताना हायवेचं वळण दिसतं, आणि वळणावरचा ढाबाही. काका तिथे बराच वेळ थांबले. मी म्हटलं, "जाऊन येऊ या का?" त्यांनी मान हलवली. "मी गेलो तर तो बोलंल, दादाला पटलं. आनि तो आला तर मी बोलन, रान इकून मोकला झाला. आमी दोगंबी अडलोय." पण पाय काही निघेना. शेवटी मीच त्यांचा हात धरला.

पुढच्या गटारीला चौथ्या मजल्यावरच्या एका हौशी गृहस्थांनी मोठा बेत केला. त्यांनी कुठून तरी 'खास माल' मागवला होता आणि शेजारधर्म म्हणून काकांना एक डबा खाली पाठवला. मी योगायोगाने काकांकडेच होते. काकांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ह्ये हिरूच्या हातचं हाय. मसाला आईचा हाय."

त्यांनी एक घासही खाल्ला नाही. फेकलंही नाही. डबा मांडीवर घेऊन बसले होते, पार थंड होईपर्यंत. मध्येच झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठवतही नव्हतं.

काका गेले ते दुपारी जेवून जरा आडवे झाले तेव्हा. स्मशानाच्या फाटकाबाहेर एक जाडसर, पांढऱ्या मिशांचा माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता, असं सुभाषने मागाहून सांगितलं. तो आत आला नाही. सुभाषनेही त्याला बोलावलं नाही.

दोन-तीन महिने पार्किंगमधली ती फरशी कोरडीच राहिली. मग एका रविवारी खालून हाक आली, "वयनी!" मी कठड्यावरून वाकून पाहिलं. जाडसर अंग, पांढऱ्या मिशा, सुभाषने सांगितलेला तोच माणूस. हातात मटणाची पिशवी, काखेत सागाची पानं. मी खाली गेले.

"मी हिरू. बोकडाचं हाय, बाजारातनं आनलंय," तो आधीच म्हणाला. "त्ये दुसरं बंद झालं."

"सोडलंत?"

"सोडाया कशाला पायजे? रानात काय र्‍हायलंय?" मग जमिनीकडे बघत विचारलं, "वाटे करताना नावं तुमी घेत व्हता म्हनं. दादा माज्या नावाचा वाटा काडायचा, खरं काय?"

"दर वेळी. पहिला तुमचाच. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचे. मग वॉचमनला द्यायचे."

त्याने फरशी धुतली, पानं मांडली, वाटे घातले. हात काकांसारखाच चालत होता, कलेजीचे तुकडेही तसेच बारीक. सुभाष जिन्यात येऊन उभा राहिला होता. आज त्याच्या घरातला टीव्ही बंद होता. मी पाठ फिरवली.

"ह्यो कोनाचा?"

इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडात हिरूचंच नाव आलं होतं. पण हिरू तर आला होता.

"जनूकाकांचा," मी म्हटलं.

मागून दुसऱ्या पानाचा प्रश्न येईना. मग फरशीवर कोणीतरी मटकन बसल्याचा आवाज आला, आणि जिन्यावरून सुभाषच्या चपला भराभर खाली उतरल्या. मी तशीच उभी राहिले. मागे वळून बघायचं नाही, हा काकांचा नियम होता.