बोट न ठेवलेली ओळ

इंदूरजवळच्या राऊतल्या ज्या कॉलनीत शरद मुजुमदार राहतात, तिथे त्यांना सगळे 'कमांडर साहेब' म्हणतात. ते कमांडर कधीच नव्हते. नौदलात हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली आणि निवृत्त झाले तेव्हा ते मास्टर चीफ होते, म्हणजे नाविकांमध्ये सगळ्यात वरचे आणि अधिकाऱ्यांच्या एक पायरी खालचे. सुरुवातीला ते हा फरक लोकांना समजावून सांगत. पण ज्या गावाने समुद्र फक्त सहलीत पाहिला, तिथे पांढरा गणवेश घातलेला प्रत्येक जण कमांडरच असतो. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मराठी मंडळाचे सेक्रेटरी गजानन सकाळी सकाळी दारात उभे राहिले. "कमांडर साब, शनिवारी व्याख्यान आहे. पुण्याचे रिटायर्ड अफसर येऊन राहिलेत. विषय एकदम आपलाच, 'तिसरी विमानवाहू नौका हवी की पाणबुड्या'. तुम्ही तर यायलाच पाहिजे."

शरदरावांना अशा व्याख्यानांची चीड होती. विमानवाहू नौका ही मोठी गोष्ट. तिच्यावर कोणीही तासभर बोलू शकतो. हजारो कोटींचे आकडे फेकता येतात, शेजारी देशांची नावं घेता येतात, टाळ्याही पडतात. त्या नौकेच्या डेकवरून जे लहानसं हेलिकॉप्टर उडतं, आजारी माणसाला उचलायला जातं, बुडणाऱ्याला वर ओढतं, त्याच्यावर व्याख्यान ठेवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. तरी ते गेले. गजाननांना नाही म्हणणं कोणालाच जमलेलं नाही.

पुण्याचे अधिकारी चांगलं बोलले. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा दुसऱ्या रांगेतून सत्तरीच्या एक बाई उठल्या. ताठ, बारीक, चष्म्याला दोरी लावलेली. मागे बसलेल्या शरदरावांना फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"मी वसुंधरा पोतनीस," बाई म्हणाल्या. "मला मोठ्या जहाजाबद्दल विचारायचं नाहीये. जहाजावरची जुनी हेलिकॉप्टरं कधी बदलणार?"

अधिकारी म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "यंत्र जुनं असलं तरी नीट सांभाळलं तर चालतं, ताई. बरेचसे अपघात माणसाच्या चुकीने होतात."

"हो," वसुंधराबाई म्हणाल्या, "आम्हाला तसंच कळवलं होतं." आणि खाली बसल्या.

सभागृहात कोणाला काही उमगलं नाही. गजाननांनी आभार मानले, चहा आला. शरदराव मात्र चहा न घेता बाहेर पडले आणि स्कूटर काढून थेट घरी गेले.

वसुंधराबाईंचा मुलगा मुकुल त्याआधी अकरा वर्षं समुद्रात पडला. तो हेलिकॉप्टरचा वैमानिक होता, आणि ज्या हेलिकॉप्टरसकट पडला ते शरदरावांनी तयार करून दिलं होतं.

त्या काळात त्यांच्या तळावर सहा हेलिकॉप्टरं होती असं कागद सांगत. उडणारी तीन. उरलेल्या तिन्हींचे भाग काढून काढून ही तीन चालवायची, हाच धंदा होता. सुटा भाग मागवला की वर्षभराने उत्तर यायचं, की हे मॉडेल आता बंद होणार आहे, नवीन हेलिकॉप्टरं येत आहेत. नवीन हेलिकॉप्टरांचं भिजत घोंगडं शरदराव नौदलात शिरले तेव्हापासून पडलेलं. निविदा निघे, चाचण्या होत, कोणीतरी तक्रार करी, निविदा रद्द होई, पुन्हा निघे. दिल्लीत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाई आणि इकडे दर पावसाळ्यात यंत्रं आणखी गंजत. ज्यांनी टोलवाटोलवी केली त्यांच्यातल्या एकालाही त्या यंत्रात बसून समुद्रावर जायचं नव्हतं.

मग आयुष्य संपलेल्या भागांना मुदतवाढ मिळे. मुकुलच्या हेलिकॉप्टरच्या शेपटीकडच्या पंख्याचा गिअरबॉक्स असाच दुसऱ्या यंत्रातून काढलेला होता आणि त्याला तीनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसऱ्या वेळी वरून अट आली: हवेत एका जागी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. शरदरावांनी ती अट यंत्राच्या नोंदवहीत लाल शाईने लिहिली. उड्डाणाआधी वैमानिकाने नोंदी वाचायच्या, खाली सही करायची आणि मगच यंत्र ताब्यात घ्यायचं, असा नियम. नको वाटलं तर तो यंत्र नाकारू शकतो.

पण वही जाड, नोंदी शेकडो आणि वैमानिक घाईत. म्हणून शरदरावांनी स्वतःची एक पद्धत पाडली होती. लाल ओळ असली की ते तिच्यावर बोट ठेवत आणि वैमानिकाने मोठ्याने वाचल्याशिवाय पेन देत नसत. नवे अधिकारी चिडत, जुने हसत. हळूहळू तळावर सगळ्यांनी ते गृहीतच धरलं. चीफने बोट ठेवलं तर वाचायचं. नाही ठेवलं तर वाचण्यासारखं काही नाही. नियमाच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं, पण सगळे त्याच्यावरच चालत होते.

मुकुल बदलून आला आणि दोघं एकाच गावचे निघाले. एवढ्या मोठ्या तळावर इंदुरी मराठी बोलणारे हे दोघंच. मुकुलच्या हुद्द्याला शरदरावांनी सलाम ठोकायचा, आणि सलाम झाला की मुकुल त्यांना काका म्हणायचा. तो सुट्टीवरून परत येताना वसुंधराबाई न चुकता काकांसाठी डबा पाठवत. डब्यात गुळपापडीच्या वड्या. शरदरावांच्या पत्नी, अमिताबाई, तोच डबा चकल्यांनी भरून पुढच्या सुट्टीला परत पाठवत. दोन्ही बायकांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण डबा तीन वर्षं जात-येत होता.

त्या दिवशी मुकुल सकाळीच सुट्टीवरून आला होता. दुपारी निरोप आला, की किनाऱ्यापासून लांब एका जहाजावर नाविक अत्यवस्थ आहे, उचलून आणा. मुकुल गणवेश चढवून धावत आला, हातात डबा.

"काका, पहले ये पकडो. दोन्ही हातांनी हं, झाकण ढिलं आहे. आईने तूप जास्त टाकून ठेवलंय, सगळं बाहेर येऊन राहिलंय."

शरदरावांनी डबा दोन्ही हातांनी धरला. वही टेबलावर उघडीच होती, पेन तिच्यावर. मुकुलने पेन उचललं, सही केली, आणि मोबाइल कानाला लावून बाहेर पळाला. शरदराव हसत होते. लाल ओळ त्यांना पंख्यांची घरघर सुरू झाल्यावर आठवली. ते डब्यासकट धावले. यंत्र तोवर जमिनीवरून उठलं होतं. रेडिओवरून सांगता आलं असतं. नियंत्रण कक्ष दोनशे पावलांवर होता. त्यांच्या मनात आलं, पोरगा शहाणा आहे, डेकवर उतरेल, हवेत थांबायची वेळ येणार नाही. त्यांनी ती दोनशे पावलं टाकली नाहीत.

समुद्र खवळलेला होता, डेकवर उतरता आलं नाही. मुकुल जहाजाच्या वर हवेत सहा मिनिटं तरंगत राहिला. मग शेपटीचा पंखा थांबला. तो आणि त्याच्यासोबतचा दोरी सोडणारा नाविक, दोघंही गेले. आजारी नाविक वाचला, कारण त्याला अजून वर घेतलंच नव्हतं.

चौकशी बसली. शरदरावांना दोनच प्रश्न विचारले गेले. नोंद होती का? होती. वैमानिकाची सही आहे का? आहे. बोटाबद्दल कोणी विचारलं नाही, कारण बोट नियमात नव्हतं. रेडिओबद्दलही कोणी विचारलं नाही, कारण ओळ त्यांना केव्हा आठवली हे त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. अहवालात आलं, की नोंदवलेली मर्यादा वैमानिकाने पाळली नाही. मुदतवाढ देणारे सुटले, फाइल अडवणारे तर त्यात कुठे नव्हतेच, आणि मास्टर चीफ मुजुमदार यांच्या नोंदी चोख असल्याचा शेरा पडला. इंदूरला मुकुलच्या शाळेत त्याचा फोटो लागणार होता. अहवालाची कुणकुण लागली आणि तो कार्यक्रम पुढे ढकलला गेला, तो आजतागायत.

निवृत्त होऊन आल्यावर आठ वर्षं शरदराव वसुंधराबाई राहत त्या परदेशीपुऱ्याच्या बाजूला फिरकले नाहीत. तिकडचं काम निघालं तर दुसऱ्या कोणाला सांगत. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होता. भित्रेपणाच होता हा, दुसरा शब्द नाही, आणि शरदरावांना तो शब्द माहीत होता.

व्याख्यानानंतरच्या रविवारी त्यांनी डबा खाली काढला. अमिताबाई फक्त म्हणाल्या, "रिकामा नका नेऊ," आणि आत मूठभर साखर घातली.

वसुंधराबाईंनी दार उघडलं आणि डब्याकडे पाहिलं. मग माणसाकडे. "मुजुमदार ना," त्या म्हणाल्या. "या. मला वाटलंच होतं, कधीतरी याल."

शरदराव बसले आणि एका दमात सगळं बोलून गेले. गिअरबॉक्स, तीन मुदतवाढी, लाल ओळ, बोट, न टाकलेली दोनशे पावलं; डब्याचं तेवढं नाही. "तुमच्या मुलाने निष्काळजीपणा नाही केला. माझं बोट नव्हतं, म्हणजे वाचण्यासारखं काही नाही, असं त्याने धरलं. तळावरच्या कोणीही तेच धरलं असतं."

वसुंधराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मुकुल औषधाच्या डबीतला कागदसुद्धा पूर्ण वाचायचा. अकरा वर्षं मी स्वतःला विचारून राहिले, की याने न वाचता सही केलीच कशी." मग उठल्या, कपाटातून कोरे कागद आणि पेन काढलं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या बाई होत्या त्या. "तोंडी बोलण्याला काही किंमत नाही, मुजुमदारजी. लिहून द्या. मी दिल्लीला पाठवीन, शाळेतही देईन. तुमची पेन्शन अडकली तर?"

"अडकू द्या," शरदराव म्हणाले. हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं.

त्यांनी दीड पान लिहिलं. एका जागी मात्र त्यांचा हात थबकला. त्या दिवशी बोट का ठेवलं नाही? खरं लिहिलं तर या बाईंच्या हाती आयुष्यभराचा निखारा द्यायचा. त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी बोट ठेवायचे मी विसरलो.' आणि सही करायला पेन खाली टेकवलं.

वसुंधराबाईंनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्या सगळं वाचत होत्या, ओळ न् ओळ. मग त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे मोठ्याने वाचा."

शरदरावांनी कागद स्वतःकडे ओढायला हात पुढे केला.

"मुकुलचा फोन आला होता निघताना," वसुंधराबाई म्हणाल्या. बोट तिथेच होतं. "शेवटचा. म्हणाला, आई, काकांना डबा दिला, दोन्ही हातांनी पकडून उभे आहेत, तूप गळून राहिलंय. हसत होता. आता तुम्ही बोटाचं सांगितलंत, तर मी काय समजायचं? खरं असेल ते लिहा. माझ्या मुलाच्या कागदावर खोटं नको, माझ्यासाठीसुद्धा नको."

शरदरावांनी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, की वैमानिकाच्या आईने पाठवलेला डबा माझ्या दोन्ही हातांत होता, म्हणून बोट ठेवले नाही. वसुंधराबाईंनी पुन्हा बोट ठेवलं. त्यांनी वाचून दाखवलं. तेव्हा कुठे त्यांना पेन मिळालं.

सही झाल्यावर वसुंधराबाईंनी कागद घडी करून पाकिटात घातला. डबा उघडून साखर पाहिली, आत गेल्या, आणि धुतलेला, रिकामा डबा आणून शरदरावांच्या हातात दिला.

"हा आता तुमच्याकडेच असू द्या," त्या म्हणाल्या. "मला तो घरात नको."